मार्लिसचा हाकारा

त्या दिवशी आम्ही निघालो ते निव्वळ सॉसेजसाठी. फ्रीजरमध्ये हरणाच्या सॉसेजचं एकच पाकीट उरलं होतं आणि शिकारीच्या हंगामाचा शेवटचा रविवार होता. चर्चमधून परत येताना मार्लिसने ट्रकच्या काचेतून आभाळाकडे बघितलं आणि जाहीर केलं, "चारपर्यंत बर्फ पडत नाही. दोन तास मिळतील. चल." माझ्या बायकोने आभाळ बघून काही सांगितलं की मी वाद घालत नाही. तोवरच्या बावीस वर्षांत ती दोनदाच चुकली होती, आणि दोन्ही वेळा चूक आभाळाची होती असं तिचं म्हणणं आहे.

तुम्ही खुर्ची जरा शेगडीकडे ओढा, दाराच्या फटीतून वारं येतं. मार्लिस आत भांडी आवरतेय, तोवर सांगून टाकतो. तिच्यासमोर मी हे सांगत नाही.

मी डुलूथ शहरातला. वडिलांचं बुटांचं दुकान होतं. लग्नाआधी मी हरीण पाहिलं होतं ते फक्त हॉटेलच्या भिंतीवर. मार्लिसशी ओळख झाली तेव्हा मी तिला शनिवारी सिनेमाला चल म्हणालो, तर ती म्हणाली, "सिनेमा काय बारा महिने असतो. हरणं सोळा दिवस!" मग तिच्या वडिलांचे दोन नंबर मोठे बूट घालून मी सहा तास झाडावर कुडकुडत बसलो आणि एक शेपूटही दिसलं नाही. संध्याकाळी तिने थर्मासमधली कॉफी ओतून दिली आणि माझ्या नाकाकडे बघून पोट धरून हसली. घरी जाऊन मी आईला सांगितलं, लग्न करीन तर हिच्याशीच.

आजही माझं मत बदललेलं नाही. चिखलातला खुराचा एक ठसा बघून ती सांगते, मादी आहे, मागचा डावा पाय दुखतोय, तासाभरापूर्वी गेली. मला तिथे नुसता चिखल दिसतो. बाह्या सरसावून ती दहा मिनिटांत हरीण साफ करते, तेव्हा तोंडाने चर्चमधलं गाणंही चालू असायचं. आठवडाभर ती शाळेची बस चालवायची. चाळीस पोरांना मागे वळून न बघता गप्प करणारा आवाज तिचा. भरदार, जरा घोगरा, आत हसू दडलेलं. त्या आवाजाच्या मी पहिल्या दिवसापासून प्रेमात होतो, हे तिला कधी सांगितलं नाही, एवढीच माझी हुशारी.

आमच्या चाळीस एकरांमागे सीडरच्या झाडांची दलदल आहे. तिथे दोघांनी शिकार करायची तर हाकारा करावा लागतो. एक जण खालच्या टोकाला खुंटावर बंदूक घेऊन बसतो, दुसरा वरच्या टोकाने आत शिरून ओरडत चालत येतो. ओरडणारा माणूस ऐकू आला की हरणं उठतात आणि आवाजापासून लांब, म्हणजे बसलेल्याच्या पुढ्यात येतात. बसलेल्याने आवाजाच्या दिशेला नळी वळवायची नाही. चार पाय मोजल्याशिवाय बोट ट्रिगरवर न्यायचं नाही. आणि चालणाऱ्याने येऊन खांद्यावर हात ठेवेपर्यंत जागा सोडायची नाही. हे सगळं मला मार्लिसने शिकवलं, जसं तिच्या वडिलांनी तिला.

बाकीचे लोक हाकाऱ्यात नुसतं "हो! हो!" करतात. मार्लिस माझ्या चुका ओरडायची.

"मोजे पलंगाखाली!" दलदलीतून आवाज यायचा. मग वीस पावलांनी, "गॅरेजचं दार उघडं!" मग, "पास्टीला केचप!" आमच्याकडे मांस-बटाट्याच्या पास्टीला केचप लावणं म्हणजे चर्चमध्ये टोपी घालून बसण्यासारखं आहे. वर्षभर ती साठवून ठेवायची आणि नोव्हेंबरात सगळं त्या झाडांना ऐकवायची. शेजारचे लोक म्हणायचे, वेंडेल, तुझी इज्जत गावाला माहीत नाही पण हरणांना पूर्ण माहीत आहे. मला त्याचं काही वाटत नसे. ती कुठे आहे हे मला प्रत्येक क्षणी कळत होतं, आणि एकदा ओरडलेलं ती त्या दिवशी पुन्हा कधी ओरडत नसे. माझ्या चुका संपायच्या आधी दलदल संपायची.

त्या रविवारी मी पावणेदोनला खुंटावर बसलो. "यंदा यादीत काय काय आहे?" मी विचारलं होतं.

"तू फक्त बस. आणि कान धुतलेस ना?" असं म्हणून ती, रानात कोणी हरीण समजू नये म्हणून शिकारी घालतात त्या केशरी जाकिटाची चेन वर ओढून निघून गेली. वळसा घालून वरच्या टोकाला पोचायला तिला अर्धा तास लागतो.

आवाज आला तेव्हा बरं वाटलं. "बहिणीच्या लग्नात घोरलास!" ते एप्रिलमधलं. "पेट्रोलचा काटा तळाला!" ते रोजचं. आवाज सरळ माझ्या समोरून, हळूहळू जवळ येत होता. ओल्या मातीचा आणि सीडरच्या सालीचा वास होता, वारा पडलेला होता. मग तिच्या अंदाजाच्या तासभर आधीच बर्फ पडायला लागलं. बारीक, कोरडं बर्फ, फांद्यांवर पडताना कागद चुरगळल्यासारखं वाजणारं. आभाळ चुकलं, मी मनात म्हणालो.

आणि समोरचा आवाज बंद झाला.

मी घाबरलो नाही. कधी कधी ती खुरांचे ठसे बघत थांबते. पाच मिनिटं गेली. दहा गेली. बर्फामुळे समोरची झाडं पुसट झाली होती. तेवढ्यात आवाज पुन्हा आला, पण डावीकडून.

"मोजे पलंगाखाली!"

डावीकडे उघडं पाणी आहे. वर पातळ बर्फ असतं, खाली कंबरभर चिखल. मार्लिस तिकडून कधीच येत नाही. पण आवाज तिचाच होता, आणि झाडांच्या मधून मला तिचं केशरी जाकीट दिसलं, पाण्याच्या कडेने हळूहळू सरकत होतं. हरणाने फिरवलं असेल तिला, मी म्हटलं. म्हणजे आता समोरची बाजू मोकळी झाली.

"गॅरेजचं दार उघडं!"

समोर काहीतरी हललं. चाळीस पावलांवर, सीडरच्या खालच्या फांद्यांमागे, तपकिरी. थांबलं. पुन्हा हललं. आवाजापासून लांब, माझ्या पुढ्यात, अगदी हाकाऱ्यातलं जनावर यावं तसं. मी रायफल उचलली आणि सेफ्टी काढली.

"पास्टीला केचप!"

तपकिरी रंग फांदीच्या फटीत आला. छाती एवढी उघडी मला बावीस वर्षांत मिळाली नव्हती. एक पाय दिसला. दुसरा दिसला. मी पुढच्या दोन पायांची वाट बघत राहिलो.

"मोजे पलंगाखाली!" डावीकडून आवाज आला.

माझं बोट तिथेच थांबलं. तोच सूर. तेवढ्याच जागी चढलेला, तेवढ्याच जागी पडलेला. मग, "गॅरेजचं दार उघडं!" मग, "पास्टीला केचप!" आणि पुन्हा मोजे. माझ्या बायकोकडे माझ्या फक्त तीनच चुका? देवाशप्पथ सांगतो, माझ्या पाठीवर काटा आला तो त्या हिशेबाने.

मी रायफलवरच्या दुर्बिणीवरून डोळा काढला आणि नळी खाली केली. समोरच्या फांद्यांमधून दोन हात वर आले. डोक्याच्या वर, सरळ, बोटं पसरलेली. हरणाला हात नसतात. ते हात तसेच वर धरून मार्लिस एकेक पाऊल टाकत बाहेर आली. अंगात फक्त तपकिरी लोकरी स्वेटर, केसांत बर्फ. मी हाक मारायला तोंड उघडलं तर तिने नको म्हणून मान हलवली. ती आली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मगच मी उठलो.

"बोलू नकोस..." ती कुजबुजली. "माझा आवाज गेलाय."

"तुझं जाकीट..."

"दिलं. आत ओंडक्यावर एक बाई बसली होती. लाल-काळ्या चौकटींचा जुना कोट, डोकं उघडं, ओठ निळे. म्हणाली, माझा नवरा बसलाय पलीकडे. हाकारा करत आले पण माझा घसा बसला, असं म्हणाली ती. मग मी जाकीट तिच्या खांद्यावर टाकलं."

"शेवटच्या रविवारी? रानात? स्वतःचं जाकीट काढून?"

"गारठून मरत होती ती! काय करायला हवं होतं मी?" मार्लिस अशीच आहे. "तिने विचारलं, तू काय ओरडतेस? मला हसू आलं. मी तुझ्या तीन चुका सांगितल्या. कॉफी ओतायला खाली वाकले आणि वर बघितलं तर ओंडका रिकामा. तुला हाक मारायला गेले तर घशातून वारंसुद्धा येईना."

"मी गोळी घालणार होतो, मार्लिस..."

"तू चार मोजल्याशिवाय घालणार नाहीस हे मला माहीत होतं," ती म्हणाली. इतकं साधं म्हणाली की मला रडू फुटायचं बाकी राहिलं. केशरी जाकीट नाही, आवाज नाही, आणि समोर नवरा बंदूक घेऊन. तिच्या जागी असलेला दुसरा कोणीही जमिनीवर आडवा झाला असता आणि हरीण म्हणून मारला गेला असता. ही हात वर करून चालत आली.

"मोजे पलंगाखाली!" आता आवाज तीस पावलांवर होता.

माझे पाय आपोआप उजवीकडे वळले. उजवीकडे चढ आहे, वर मोकळं रान, तिथेच आमचा ट्रक. मार्लिसने माझी बाही पकडली.

"तिकडे नाही."

"ट्रक तिकडे आहे!"

"हाकाऱ्यातलं जनावर कुठे पळतं?"

"आवाजापासून लांब..."

"आणि तिकडे कोण बसलेलं असतं?"

मी उजवीकडे टाकलेला पाय मागे घेतला. ती बाई म्हणाली होती, माझा नवरा बसलाय पलीकडे.

"म्हातारे नर कसे वाचतात, सांगितलं होतं मी तुला," मार्लिस कुजबुजली. "उलटं फिरतात. हाकणाऱ्याच्या बगलेतून निसटतात. माझ्या पावलांवर पाऊल ठेव आणि तिच्याकडे बघू नकोस."

आम्ही आवाजाच्या दिशेनेच निघालो. ती पुढे, मी मागे, तिच्या स्वेटरचं टोक माझ्या मुठीत. दलदलीच्या कडेने, झाडांना चिकटून. एका ठिकाणी तो आवाज दहा पावलांवर आला. माझ्या बायकोचा आवाज, आणि बायको माझ्या पुढे मुकाट्याने चालतेय. मी बघितलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून एवढंच दिसलं की केशरी जाकीट पाण्यावरच्या पातळ बर्फावर उभं होतं आणि बर्फ मोडत नव्हतं. "गॅरेजचं दार उघडं!" त्या आवाजात जोर होता, हसू मात्र नव्हतं.

आम्ही पलीकडे निसटलो आणि तेवढ्यात मागे, उजव्या चढावर, रायफलचा बोल्ट ओढल्याचा आवाज झाला. खट्, खट्. गोळी सुटली नाही. कोणीतरी वाट बघून कंटाळला आणि त्याने काडतूस काढून घेतलं, असं काहीसं वाटलं. मार्लिसने वेग वाढवला नाही. वरच्या टोकाने आम्ही रस्त्याला लागलो आणि पाऊण तास डांबरावरून चालून ट्रकपाशी आलो.

सॉसेज त्या वर्षी विकत आणलं.

मार्लिसचा आवाज परत आला नाही. डुलूथच्या डॉक्टरांनी दोनदा घसा तपासला, म्हणाले, सगळं ठीक आहे. तेव्हापासून ती कुजबुजते. बस सोडावी लागली. आम्ही अजून जातो शिकारीला, पण दुसऱ्या रानात, शेजारी शेजारी बसतो, ती डोळ्यांनी दाखवते आणि मी मोजतो. परवाच तिने मला न दिसलेला नर नुसत्या कानांच्या टोकांवरून ओळखला. तिच्याइतकं रान समजणारं माणूस या परगण्यात नाही, मी अजूनही कोणाशीही पैज लावीन. चुका मात्र ती आता सांगत नाही. घसा दुखत असेल.

दलदल इथून अर्धा मैल. हंगामाच्या शेवटच्या रविवारी, दिवस कलताना, मागच्या दारात उभं राहिलं की तिकडून तिचा जुना आवाज येतो. दरवर्षी त्याच तीन चुका. मला लाज वाटते सांगायला, पण मी मुद्दाम तिथे जाऊन उभा राहतो. मला त्या आवाजाची फार आठवण येते. मार्लिस येऊन शेजारी उभी राहते, माझा हात धरते, आणि तिन्ही होईपर्यंत सोडत नाही.

आज शेवटचा रविवार. दिवस कलताना, तुम्ही यायच्या तासभर आधी, आम्ही असेच उभे होतो. मोजे झाले. गॅरेज झालं. केचप झालं. मी आत जायला वळलो आणि आवाज पुन्हा आला. नवीनच वाक्य, मार्लिसने त्या बाईला कधी न सांगितलेलं. आणि या वेळी सूर तोच तोच नव्हता, शेवटी फाटला होता.

"मला इथेच टाकून गेलास!"

मार्लिसने माझा हात सोडला, दार ओढून घेतलं आणि कडी लावली.