मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत

"तुमच्या घरचं कोण गेलं?"

तिने इतक्या हळुवारपणे विचारलं की सेलासीला क्षणभर वाटलं, खरंच कुणीतरी गेलं असावं.

केटा गावाच्या छोट्या रेडिओ केंद्राच्या पायरीवर बसून तो बुटातली वाळू झटकत होता. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वाळू कुठे म्हणून शिरत नाही! सकाळी इथे येणारे बहुतेक लोक मयताची घोषणा द्यायलाच येतात. तिचा गैरसमज झाला, त्यात नवल नव्हतं.

"अजून कुणी नाही," तो गोंधळून म्हणाला. "मी... सर्व्हर बघायला आलोय."

"मग आज नक्की जाणार कुणीतरी! आत या, फो...?"

"सेलासी."

"या, फो सेलासी. मी काफुई."

फो म्हणजे दादा, इकडची आदराची हाक. पण स्वतःचं नाव तिने सांगायची गरज नव्हती. दर गुरुवारी संध्याकाळी तो हा आवाज ऐकायचा. गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांकडून तिने हालो गोळा केले होते. पूर्वी दोन वाड्या समोरासमोर उभ्या राहून, ढोलाच्या तालावर एकमेकींची यथेच्छ निंदा करत, ती ही गाणी. आवाजावरून सेलासीने तिचा एक चेहरा मनात काढून ठेवला होता. तो साफ चुकला होता. हसताना हिची एकच भुवई वर जाते, हे रेडिओवर कसं कळणार?

आत केंद्राचे प्रमुख अग्बेको कमरेवर हात ठेवून उभे होते.

"डिस्क भरलीय. मयताच्या घोषणा सेव्ह होत नाहीत. काफुई, दुपारपर्यंत जागा झाली नाही, तर तुझ्या म्हाताऱ्यांच्या शिव्या मी पुसणार."

"त्यांची दुसरी प्रत नाहीये हो! त्यातल्या दोघी तर आता..."

"ठाऊक आहे. त्यांच्या घोषणाही आपणच केल्या. घोषणांवर हे केंद्र चालतं. शिव्यांवर काय चालतं?"

काफुईने सेलासीकडे पाहिलं. त्या नजरेत इतकी विनवणी होती की त्याने घाईघाईने कीबोर्ड जवळ ओढला.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुमची गाणी फार जागा खात नाहीत. ही बघा, ही खाते."

ती त्याच्या खांद्यावरून वाकली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. "ही कोण? मला कधी दिसली नाही."

"लपलेली असते. पेज फाइल. म्हणजे बघा... बाजारात बाई एक टोपली डोक्यावर घेते, बाकीच्या खाली ठेवते. मशीनही तसंच करतं. लगेच नको असलेलं या फाइलमध्ये उतरवून ठेवतं."

"अस्सं! मग डोकं मोठं झालं, तर खाली कमी ठेवावं लागेल ना?"

सेलासी चमकून वळला. हा प्रश्न त्याला आजवर कुणीच विचारला नव्हता. "माणसाचं तसं झालं असतं. मशीनवर सोडलं, तर ते डोकं वाढल्यावर खालची जागाही वाढवून मागतं. दीड महिन्यापूर्वी यात जास्तीची मेमरी, म्हणजे मोठं डोकं, बसवलंय... आणि बसवणाऱ्याने पेज फाइलचं माप ठरवून द्यायला हवं होतं, ते दिलं नाही."

"कुठल्या गाढवाने?"

सेलासी कीबोर्डकडे पाहत राहिला. जरा जास्तच वेळ.

"तुम्ही?" ती कुजबुजली. "पण आम्ही मेमरी मागवलीच नव्हती. हे अग्बेको तर साधा दिवासुद्धा मागवत नाहीत!"

"तुम्ही मागितली होती."

"मी? कुणाकडे?"

"रेडिओवर... गाणं मध्येच अडकलं तेव्हा. म्हणालात, मशीन पेंगतंय, कुणीतरी जागं करा याला. मग मी तुमच्या सुट्टीच्या दिवशी येऊन स्वतःच्या खर्चाने बसवून गेलो."

"सुट्टीच्याच दिवशी का?"

"तुम्ही समोर असतात, तर... हात थरथरले असते."



त्याने पेज फाइल थोडीशीच जागेवर ठेवली, मशीन कोलमडलं तर त्याला नोंद लिहायला लागते तेवढी. उरलेली डिस्कच्या ज्या भागात घोषणा साठत नाहीत, त्या रिकाम्या भागात हलवली आणि दोन्हींची मापं पक्की केली. पण जागा मोकळी व्हायला मशीन बंद करून पुन्हा सुरू करावं लागणार होतं.

"पाच मिनिटं रेडिओ गप्प?" अग्बेको ओरडले. "लोकांना वाटेल, मीच गेलो!"

"माइक चालू राहील ना?" काफुईने विचारलं.

"राहील. तो थेट ट्रान्समीटरला जोडलाय."

"मग मी आहे की!"

मशीनचा पडदा काळा झाला. काफुईने माइक ओढला, टेबलावर तळव्यांनी ताल धरला आणि खणखणीत आवाजात सुरू झाली:

"ऐका हो ऐका, पाहुणा आलाय,
बूट भरून वाळू, तोंडात शब्द नाही!
घोटभर पाणी मागितलं मी,
याने अख्खी खाडी घरात सोडली!
चोरासारखा आलास, चोरासारखा गेलास,
अरे भित्र्या, नाव तरी सांगायचंस!"

स्टुडिओच्या काचेपलीकडे जाऊन उभे राहिलेले अग्बेको पोट धरून हसत होते. काफुईने दुसरा माइक सेलासीच्या पुढ्यात सरकवला. हालोमध्ये ज्याच्यावर गाणं होतं, त्याने उत्तर द्यायचं असतं. गप्प राहिला तर हरला, आणि सगळं केटा ऐकत होतं.

त्याने पडद्याकडे पाहिलं. मशीन अजून जागं होत नव्हतं. सुटका नव्हती.

"काफुई..." त्याचा आवाज फाटला. "तुझा... तुझा ताल कच्चा आहे. तुझे प्रश्न संपत नाहीत. आणि... आठवड्यातले सहा दिवस तू माझे फुकट घालवतेस. एक गुरुवार तेवढा बरा जातो."

टेबलावरचे तळवे थांबले.

पडदा उजळला. अग्बेको काचेवर बोटं आपटत होते. "झाली! जागा झाली! शिव्या राहू देत तुझ्या!"

"मशीन सुरू झालं," सेलासी पुटपुटला. "गाणी... सगळी आहेत."

काफुईने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. मग ती त्याच्याकडे वळली. माइकवरचा लाल दिवा अजून जळत होता, आणि तो तिला दिसत होता.

"मशीनचं कळलं," ती म्हणाली. "आता त्या सहा दिवसांचं काय करायचं, ते सांग."