पुढे गेलेल्या चाकांची खूण

लढाई संपून वर्ष उलटलं होतं. लिलावात निघालेले लष्करी टायर कापूरहोळच्या नाक्यावर गेनबाच्या दुकानात येऊन पडले होते. भाद्रपदातल्या एका दुपारी भोरचा तरुण डॉक्टर शरच्चंद्र तिथं उकिडवा बसून एकेका टायरच्या खाचेत बोट घालून पाहत होता.

"विलायतेत शिकून आलासा, अन् टायर बघताय बैलाचं दात बघितल्यावानी," गेनबा हसला.

"बैल रुतला तर चौघं मिळून काढतात, गेनबा. मोटार रुतली की माणूस मरतं."

ते खरंच होतं. गेल्या श्रावणात गुळगुळीत टायरांनी त्याला पालीच्या अलीकडे चिखलात रोवलं होतं. उरलेली वाट धावत तो पोचला, तेव्हा अडलेल्या अंबूबाईला हिरवं लुगडं नेसवून झालं होतं. रस्ता नाही म्हणून यापुढे एकही बाळंतीण जाऊ द्यायची नाही, असं त्याने त्या दिवशी मनाशी पक्कं केलं होतं.

त्याने खोल खाचांचे चार टायर निवडले. एकाचा एक दात तुटका होता. तो गेनबाने मागच्या उजव्या चाकाला बसवला.

"हवा जरा कमी ठिवलीया, चिखलात पकड बसंल. बांधावर चाक घालू नगा, लोकांचं भात असतंय. अन् म्होरं गेलेल्या चाकाची खूण दिसली तरी उताराला पायउतार होऊन भुई बघा. म्होरला चुकलेला असू शकतो."

तेवढ्यात पालीचा चिमाजी धापा टाकत आला. त्याची बायको बनाबाई कालपासून अडली होती.

"आई हाय तिच्यापाशी. तुमी व्हा म्होरं, डाक्टर. म्या उत्रोलीला सासऱ्यास्नी आणाय जातो... तिला बाप बघायचाय."

नसरापूर मागे पडलं आणि सडक संपून पाणंद लागली. राजगडावरून धुकं खाली सरकत होतं. बैलगाडी दिसली की शरच्चंद्र मोटार थांबवी, बैल बुजू नयेत म्हणून भोंगाही वाजवत नसे. मग गाड्याही दिसेनाशा झाल्या. उरला इंजिनाचा एकसुरी आवाज आणि कुजल्या पानांचा वास. परदेशातून आल्यापासून मनातलं बोलावं असं एकही माणूस आपल्याला भेटलं नाही, हे त्याला अशाच वाटांवर जाणवायचं.

म्हणून चिखलात ताज्या चाकखुणा दिसल्या तेव्हा त्याला आनंदच झाला. पुढे कुणाची तरी मोटार होती! खाचांत अजून पाणी झिरपत होतं.

दर काही हातांवर उजवीकडच्या खुणेत एक दात गाळलेला होता.

तो थांबला. उतरून मागे गेला आणि आपल्या चाकांची खूण पाहिली. तोच दात. तेवढंच अंतर.

पुढच्या खुणा डावीकडे नदीच्या उताराकडे वळल्या होत्या. पालीची जवळची वाट तीच. गेनबाचे शब्द आठवून तो काठी टेकत चालत निघाला. वीस पावलांवर उतार तुटलेला होता. खाली गुंजवणीचं गढूळ पाणी घुमत होतं. खुणा कडेपर्यंत सरळ गेल्या होत्या, कुठे ब्रेक दाबल्याची घसट नव्हती. पाण्यात काही दिसत नव्हतं. फक्त पेट्रोलचा मंद वास येत होता.

"कोण आहे...?" त्याने हाक दिली. धुक्याने ती गिळली.

मोटार मागे घेऊन, खाचरांचे बांध वाचवत, तो वरच्या वाडीच्या लांबच्या फेऱ्याने निघाला. दोन तास गेले. दिवेलागण झाली. सबंध वाट त्याच्या डोळ्यांपुढे ते हिरवं लुगडं होतं.

चिमाजीच्या दारात पोचला, तर आत तान्हं रडत होतं. उंबऱ्याशी चिमाजीची आई, सगुणाबाई, खांद्यावर कोरडा पंचा टाकून उभी होती.

"बनाबाई...?"

"निजलीया. बरी हाय." म्हातारी त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली. "तुमीच तर सोडवलंत की तिला. हात तेवढं लई गार होतं तुमचं. म्या म्हनलं बी, डाक्टर, शेकोटीपाशी बसा... अंगावरनं पाणी गळतंया."

शरच्चंद्रने खाली पाहिलं. अंगणातल्या चिखलात, कंदिलाच्या उजेडात, नदीच्या बाजूने आलेली एक चाकखूण होती. तुटका दात स्पष्ट उमटला होता. ती दारापर्यंत आली होती. परत गेली नव्हती. आणि तिच्या टोकाला मोटार नव्हती.

"पर तुमी हितनं कसं आलात?" सगुणाबाईचा आवाज खाली गेला. "मागं न्हाणीत हात धुताय न्हवं... ह्यो पंचा तुमालाच तर द्यायला निघाले म्या..."

घराच्या मागच्या अंगाला तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज येत होता. दोघंही ऐकत उभी राहिली.

मग आवाज थांबला. आणि ओली पावलं घरात येऊ लागली.