वैमानिकाचे डोळे

कशेडी घाटात दरड कोसळली आणि खेडहून निघालेली एसटी जागच्या जागी थांबली. पुढे ट्रकांची रांग, बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा कुबट वास. अनुपमाला पोलादपूर गाठायची घाई होती. मामाच्या गणपती कारखान्यात मूर्ती तिची वाट बघत बसल्या होत्या. शेजारचा तरुण मात्र निवांत. त्याने खिशातून काडेपेटी काढली, आतला कापूस बाजूला केला आणि तुरीच्या दाण्याएवढ्या कशाकडे तरी काळजीने पाहिलं.

अनुपमाचा स्वभाव काही गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

“बाप्पाचा उंदीर हाय का?”

तो दचकला. “अं... नाही. वैमानिक आहे. म्हणजे, त्याचं डोकं.”

“आणि बाकीचा माणूस?”

“घरी. महाडला.” तो हसला. हसताना तो खाली बघतो, हे तिने तिथल्या तिथे टिपून ठेवलं.

त्याचं नाव अश्विन. महाडच्या एमआयडीसीत नोकरी. त्याचे आजोबा काशीराम वायुदलात फिटर होते, आणि एकाहत्तरच्या लढाईत नॅट नावाचं एक चिमुकलं लढाऊ विमान त्यांच्या हाताखाली होतं. त्याच विमानाची वीतभर प्रतिकृती आजोबांनी सुटे भाग चिकटवून उभी केली होती. माळ्यावर होती म्हणून पुरातून वाचली. जोडणी संपली आणि काचबिंदूने आजोबांचे डोळे धरले. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली पावसाळाभर टिकली तरी पुष्कळ, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. रंगवायचं तेवढं राहून गेलं. खेडच्या पेंटरने ‘एवढं बारीक आपल्याला जमणार नाही’ म्हणून हात वर केले होते.

“आजोबांना ते पुरं झालेलं बघायचंय,” अश्विन म्हणाला. “नजर आहे तोवर... बाकी काही नाही.”

अनुपमाने काडेपेटीतलं डोकं निरखून पाहिलं. हेल्मेट, नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा, आणि मधे डोळ्यांपुरती जागा कोरी.

“मी गणपतीचे डोळे आखते,” ती म्हणाली. “रविवारी येते. पण डोळे सगळ्यात शेवटी हां. आमच्यात तशीच रीत हाय. डोळे आखले की मूर्ती कारखान्यात ठेवत नाय, ज्याची त्याच्या घरी जाते.”

मामा कुरकुरला, पण ती रविवारी महाडला गेली. मग दर रविवारी जाऊ लागली.

खिडकीपाशी पाटावर विमान असे. अश्विन भिंग धरी, ती कुंचला धरी, आणि काशीराम आजोबा खुर्चीत बसून बोटांनी पंख चाचपत सांगत, इथे चंदेरी, इथे शेपटीवर आकडा. कधी आपल्या साहेबांबद्दल, नॅटच्या वैमानिकाबद्दल, बोलत. “पट्टे मीच आवळायचो त्यांचे. अंगठा दाखवायचे आणि निघायचे,” एवढं सांगून ते थांबत. एकदा म्हणाले, “शेवटच्या खेपेला परत नाय आले.” त्यापुढे त्यांना कोणी विचारलं नाही.

भिंगाखाली दोन डोकी जवळ येत. बाहेर पाऊस कौलांवर वाजत असे, आणि अनुपमाच्या कानाजवळ त्याचा श्वास...

“भिंग हलतंय तुझं,” ती म्हणायची.

“हात अवघडला.”

“हात का?”

तो खाली बघून हसायचा. तिची रेघ त्या दिवशी सरळ येत नसे.

पण काम काही पुढे सरकेना. एका रविवारी केलेलं पुढच्या रविवारी बिघडलेलं असे. कधी शेपटीवरचा आकडा गेलेला, कधी पंखावरचं केशरी-पांढरं-हिरवं चक्र. “रंग सुटला बहुतेक,” अश्विन म्हणे. पहिल्यांदा तिला आपल्याच हाताची लाज वाटली. दुसऱ्यांदा तिने बारकाईने पाहिलं. सुटलेल्या रंगाचे पापुद्रे निघतात. इथे ब्लेडचे सरळ ओरखडे होते.

ती निमूटपणे पुन्हा चक्र रंगवायला बसली, आणि दिवसभर तिच्या मनात कसं गोड गोड होत राहिलं. तिला तरी कुठे ते विमान संपायला हवं होतं?

श्रावण लागला. त्या रविवारी ती तिसऱ्यांदा चक्र पुरं करून मागे सरली. ऊन पडलं होतं, खिडकीतून पाटावर येत होतं. आजोबांनी विमान हातात घेतलं, डोळ्यांपाशी नेलं, उजेडाकडे फिरवलं.

“चक्र काढलंस का गो पोरी, पंखावरचं?”

चक्र त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, ओलं, लखलखीत.

अश्विनच्या हातातलं भिंग खाली आलं. अनुपमाने त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला त्याचा राग आला. मग त्याहून जास्त स्वतःचा. आपल्या दोघांच्या त्या गोडीपायी म्हाताऱ्याची नजर खर्ची पडली होती.

“काढलंय, आजोबा,” ती म्हणाली. “आज डोळेपण काढते. आजच.”

तिने वैमानिकाचं डोकं सुईच्या टोकावर बसवलं आणि श्वास रोखला. हात कित्येक वर्षांच्या सवयीने आपसूक चालला. कुंचला उचलला तेव्हा अश्विन हळूच म्हणाला, “अनुपमा... हे बाप्पाचे डोळे आहेत.”

खरंच होते. लांबट, शांत, कोपऱ्यात पाण्याचा पांढरा थेंब असलेले. मुखवट्याच्या वर, युद्धावर निघालेल्या माणसाला तिने मखरातले डोळे दिले होते. तिला रडू फुटेल असं वाटलं. “पुसते, आजोबा. चुकलं माझं...”

“थांब. बघू दे.”

आजोबांनी ते तुरीच्या दाण्याएवढं डोकं भिंगाखाली धरून उन्हात नेलं. पुन्हा पुन्हा कोन बदलला. कुठल्याशा कोनात त्यांना ते सापडलं असावं, कारण हात तिथेच थबकला.

“असे नव्हते साहेबांचे,” ते म्हणाले. “त्या दिवशी पट्टे आवळताना बघितलं मी. घाबरलेले होते. चोवीस-पंचवीसचं पोर ते. मी कोणाला बोललो नाय कधी. पण डोळे मिटले की तेच दिसायचे मला, इतकी वर्षं.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “हे नाय घाबरलेले. राहू दे. आता माझी नजर गेली तरी मला हेच दिसू देत.”

अश्विनने तो वैमानिक विमानात बसवला, वर काच लावली. विमान पुरं झालं.

संध्याकाळी तो तिला एसटी स्टँडवर सोडायला आला. पोलादपूरची गाडी लागलेली होती.

“मला एक सांगायचंय,” तो म्हणाला. “तो रंग...”

“ब्लेडने खरवडायचास. ठाऊक हाय मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“मलापण यायचं होतं म्हणून.” ती गाडीच्या पायरीशी थांबली. “आजोबांना सांगितलंस?”

“आत्ता, निघताना. पाया पडलो. म्हणाले, डोळे गेलेत रे माझे, कान नाय. दर शनिवारी ब्लेड ऐकायचो. म्हटलं, पोरगी येतेय... येऊ दे.”

अनुपमाने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. कंडक्टरने घंटी दिली. अश्विन चटकन पुढे झाला. “मला तू आवडतेस, अनुपमा. पण आता विमान तर झालं. तू कुठल्या कारणाने येणार?”

“मी कशाला?” ती पायरीवर चढली. “पुढच्या रविवारी तू पोलादपूरला ये. मामा कारखान्यातच असतो. तो विचारेल, काय काम काढलंस म्हणून...”

“काय सांगू?”

“या खेपेला खरं सांग.”