अमृतच्या गळ्यातली शिट्टी

अमृतला तुम्ही पोरं शिट्टीवाला म्हणून चिडवता ना? मग ऐकाच, ती शिट्टी त्याच्या गळ्यात कशी आली. आणि मध्येच कुणी फिदीफिदी हसायचं नाही.

कोल्हारात साउंड लावावा तो अमृतनेच. श्रीरामपूरहून सुटे भाग आणून त्याने घरीच एक कॉम्प्रेसर जोडला होता. पंक्चरवाल्याचा नव्हे, आवाजाचा. माइकमध्ये कुणी ओरडलं की तो डबा आवाज खाली दाबायचा, कुणी पुटपुटलं की वर उचलायचा. डब्यावर एक काटा. जितका मोठा आवाज दाबायचा, तितका काटा आडवा पडायचा.

अमृतचं घर हमरस्त्यालाच. चार वर्षांची निकिता सारखी रस्त्याकडे पळायची, पण बापाची एक हाक गेली की जागच्या जागी उभी. ती हाक पार पुलापर्यंत जायची.

पौषातल्या सप्त्यात छगनबुवा गायला बसले. बुवांची तान म्हणजे गावाची शान. अमृतने डबा असा काही आवळला की तान चढेचना. लोक कुजबुजू लागले, बुवा थकले आता. बुवा भजन टाकून उठले, ते थेट अमृतपुढे.

"माझ्या नरड्यावर पाय दिलास तू, अमृत. ध्यानात ठेव."

रागारागात रस्त्याला लागले आणि टेम्पोखाली सापडले. ओरडलेही असतील. भोंग्यापुढे ऐकतो कोण?

दहाव्याचा साउंडही अमृतनेच घेतला. निगरगट्ट म्हणा हवं तर. संक्रांतीला सकाळी घाटावर प्रवचन, म्हणून भोगीच्या रात्रीच, जेवण उरकून तो निघाला.

"अवो, त्यो डबा तरी नेऊ नका," मोनिका, त्याची बायको, म्हणाली.

"म्हाराजांचा आवाज लई बारीक हाय. डबा पायजेच."

प्रवरेच्या घाटावर त्याने माइक उभा केला, बटण दाबलं. डब्याने बारीकसारीक सगळं उचललं. रातकिडे, पाण्याची चुळबुळ स्पीकरमधून मोठ्याने येऊ लागली. अमृत खूश झाला.

मग रातकिडे बुडाले.

स्पीकर चालू होता. पण आवाज खाली... खाली...

त्याने काट्याकडे पाहिलं. आडवा.

म्हणजे माइकमध्ये कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडत होतं. माइकपुढे कुणीच नव्हतं.

"कोन हाय?"

...

त्याने माइकची वायर उपटली. काटा हलला नाही. स्पीकर मुका झाला. आणि आता घाटावरचे खरे रातकिडेही बारीक होत गेले. मग नदी. मग काहीच नाही...

गळ्यावर काहीतरी टेकलं. थंड. ओलं. तळपायाएवढं.

अमृत ओरडला. सगळा जीव लावून ओरडला.

मी आत्ता बोलतोय ना... तेवढाच आवाज निघाला.

तेव्हापासून तेवढाच. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, गळा ठणठणीत. डबा त्याने प्रवरेत फेकला, उपयोग शून्य. एकदा निकिता रस्त्यावर धावली. बाप हाका मारत राहिला, तिला ऐकूच गेल्या नाहीत. शेजारच्या बाबाजानने उचलली म्हणून पोर वाचली. त्याच संध्याकाळी मोनिकाने शिट्टी आणून त्याच्या गळ्यात बांधली.

काल निकिता पुन्हा रस्त्याकडे निघाली. अमृतने गाल फुगवून शिट्टी फुंकली. मी ओट्यावर त्याच्या शेजारीच बसलो होतो.

नुसती फुंकर ऐकू आली...

पोर मीच धावत जाऊन धरली. मला वाटलं, शिट्टी बिघडली असेल. त्याच्या गळ्यातून काढून मी ती वाजवली.

पुलावरची माणसं वळून बघायला लागली.