शनिवारची चौकट

अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्गशीर्षातली ती एक उतरती दुपार होती. खोपटच्या एस.टी. आगारासमोरून मंदाकिनी दातार हातातली कापडी पिशवी सावरीत चालली होती, आणि एका चष्म्याच्या दुकानापुढे शिडीवर उभा राहून एक तरुण पाटी रंगवीत होता. त्याच्या कुंचल्यावरून लाल रंगाचा एक थेंब सुटला आणि तिच्या पांढऱ्या पदरावर येऊन विसावला.

“पुसू नका, पसरेल,” असे म्हणत तो घाईने खाली उतरला. “ऑईल पेंट आहे. आता तो जायचा नाही.”

“मग तुमचा रंग माझ्या कुंकवाहून बरा,” मंदाकिनी पदराकडे पाहत म्हणाली. “माझं तर नुसत्या घामानेसुद्धा उतरतं.”

तो तिच्याकडे पाहतच राहिला. “तुम्ही कुंकू विकता?”

“विकते… म्हणजे, कुणी मागितलं तर.”

ज्या नाखव्यांकडे डब्यांवरची लेबले छापून घ्यावीत म्हणून ती निघाली होती, तेच हे, असा उलगडा मग झाला. चंदू नाखवा चेंदणी कोळीवाड्यातला. आगारामागच्या गल्लीत त्याचे रंगकामाचे आणि छपाईचे दुकान होते. मंदाकिनी ते अर्धा तास शोधीत होती, कारण साऱ्या ठाण्याच्या पाट्या रंगवणाऱ्या त्या माणसाच्या स्वतःच्या दुकानावर पाटी नव्हती.

दुकानात बसल्यावर त्याने लेबलावर काय लिहायचे ते विचारले. मंदाकिनीने मान खाली घालून, पाठ केलेला श्लोक म्हणावा तसे सांगितले, की रंग फार लाल नाही, वास हळदीचा येतो, घामाने पसरते. चंदूची पेन्सिल कागदावर तशीच थांबली.

“आणि चांगलं काय आहे?”

“ते लावणाऱ्याने म्हणावं. आपण कसं म्हणायचं?”

हा संस्कार तिच्या घरातलाच होता. तिचे दिवंगत वडील नौपाड्यातल्या शाळेत संस्कृत शिकवीत, आणि आत्मश्लाघेइतका दुसरा कोणताही दोष त्यांना असह्य नसे. आजीने शिकवलेले कुंकू मंदाकिनी मनोभावे करी. हळकुंडे लिंबाच्या रसात आणि टाकणखारात भिजवायची, सावलीत वाळवायची, जात्यावर दळून वस्त्रगाळ करायची. ज्यांच्या कपाळावर बाजारच्या कुंकवाने चट्टे उठत त्यांना ते अमृतासारखे वाटे. पण कुणाच्याही दारात उभे राहिले की तिच्या ओठांवर आधी दोष येत, आणि गुण ओठांपर्यंत पोचेतो दार लागलेले असे.

“माझी आई बाजारात मासळीची पाटी घेऊन बसते,” चंदू म्हणाला. “ती पापलेटाचे दोष आधी सांगायला लागली ना, तर रोज रात्री आम्हीच पापलेट खाऊ.”

मंदाकिनी हसली. मग डोळे बारीक करून तिने विचारले, “आणि तुमच्या दुकानावर पाटी का नाही, नाखवा?”

“काम बोलतं आपलं.”

“मग माझं कुंकूही बोलेल.”

आगारातून एक गाडी घरघरत बाहेर पडली. त्या घरघरीत आपल्या छातीतली धडधड कुणाला ऐकू गेली नसावी, असे मंदाकिनीला उगाचच वाटले.

लेबलांच्या दुसऱ्या खेपेला तिने त्याला घरातली गोष्ट सांगितली. वडिलांमागे तिचा सांभाळ करणारा थोरला भाऊ श्रीपाद याने तिच्यासाठी पुण्यात एका कचेरीत नोकरी पाहून ठेवली होती. भाऊ मायाळू होता, तसाच न्यायीही. त्याने एक अट घातली होती. रथसप्तमीपर्यंत एक तरी अनोळखी माणूस तुझे कुंकू मागायला आपल्या दारी येऊ दे. आला तर पुण्याचे नाव काढणार नाही. न आला तर जायचे.

चंदूने भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या शनिवारच्या चौकटीवर बोट ठेवले. “दर शनिवारी पाच वाजता इथे यायचं. आठवड्यात आपल्या धंद्याबद्दल आपण स्वतः कुणाला काय सांगितलं, तेवढंच लिहायचं. तुम्ही लाल शाईने, मी निळ्या. कारणं लिहायची नाहीत. आणि दुसऱ्याने आपल्यासाठी केलेलं धरायचं नाही. आपलं आपण.”

“हा नियम कुणाचा?”

“माझा. आत्ताच केला.”

त्या नियमाने मंदाकिनीची झोप उडाली. सोमवारी ती निश्चयाने जिना उतरे, मंगळवारी माजिवड्यापर्यंत जाऊन कुणाचीही कडी न वाजवता परते, बुधवारी दळण काढून बसे. दळणात मन गुंतले की जायचे राहिले हे विसरता येई. गुरुवारपासून शनिवारची चौकट तिच्या डोळ्यांपुढे नाचू लागे, आणि मग ती कशीबशी दोन-तीन कड्या वाजवी. जिची भीती वाटे तीच वेळ इतकी हवीहवीशी का वाटावी, हे कोडे तिला उलगडत नसे. शनिवारी ती लाल शाईने लिही – ‘तीन दारे. दोष सांगितले.’ खाली निळ्या शाईत असे – ‘पाटी नाही.’

“अजून नाही?” ती विचारी.

“दुसऱ्याचं नाव लिहिताना हात कसा सरळ चालतो. स्वतःचं लिहायला घेतलं की…” तो बोटांवरचा रंग पुशीत राही. “तुम्हाला कळेल ते. दुसऱ्या कुणाला नाही कळणार.”

अशा वेळी दोघांची दृष्टी क्षणभर एकमेकींत गुंते, आणि मग मंदाकिनी घाईघाईने शाईच्या दौतीला झाकण लावी.

संक्रांत आली. घरोघर हळदीकुंकवे सुरू झाली. माघ लागला, तरी दारी कुणी आले नाही. आणि रथसप्तमी तीन दिवसांवर असताना, एका शुक्रवारी दुपारी कडी वाजली. दारात हिरव्या काष्ट्याच्या लुगड्यातली, अंबाड्यात अबोली माळलेली एक प्रौढा धापा टाकीत उभी होती.

“कुंकू करनारी तूच का गो बाय?” ती म्हणाली. मंदाकिनीचे सर्वांग शहारले. पण आत डोकावून त्या बाईने पुढे विचारले, “आनि दादा कुठं हाय तुजा? चंदू बोलला, दादा घरात असल तवाच जा. रविवारी जा बोललेला, पन मला रविवारी बाजार.”

त्या मनुबाई, चंदूच्या आत्या. मंदाकिनीने त्यांना आदराने बसवले, चहा केला, एक डबी ओटीत घातली, आणि रविवारी पुन्हा येण्याची तसदी घेऊ नका असे हात जोडून सांगितले. त्या गेल्यावर मात्र तिला घरात क्षणभरही बसवेना. ती तडक खोपटला गेली.

“आत्या आल्या होत्या,” ती उंबऱ्यातूनच म्हणाली. “उद्याच्या चौकटीत लिहा ते, निळ्या शाईने.”

चंदूचा चेहरा उतरला. “मधे दोनच दिवस राहिलेत. तुमचं काम चांगलं आहे. एक माणूस पाठवला तर काय बिघडलं?”

“नियम तुमचाच होता, आपलं आपण. उसन्या माणसावर मी इथे राहिले असते, तर रोज दादाच्या डोळ्यांना डोळा कसा दिला असता?”

“आणि तुम्ही पुण्याला गेलात तर?” तो हळूच म्हणाला. “मग मी शनिवारी… कुणाची वाट बघायची?”

मंदाकिनीने नकळत उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले. पण रागाची ऊब अजून निवाली नव्हती.

“हे तुम्ही मला सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “आत्याबाईंना नव्हे.”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती खोपटला गेली नाही, डोंबिवलीस गेली. तिथे तिला ओळखणारे कुणी नव्हते, आणि म्हणूनच ती गेली. एका शाळेच्या फळ्यावर महिला मंडळाच्या हळदीकुंकवाची सूचना होती. बोलावणे नसताना हळदीकुंकवाला जाणे दातारांच्या घरात अशिष्ट मानले जाई. ती दोनदा फाटकाशी जाऊन परतली. तिसऱ्यांदा मात्र आत शिरली आणि अध्यक्षीण बाईंजवळ दोन मिनिटे बोलण्याची अनुज्ञा मागितली.

सभागृहात ऐंशी-नव्वद स्त्रिया होत्या. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजत होते. खोपटला या वेळी… तिने तो विचार दूर सारला.

“मी मंदाकिनी दातार. ठाण्याला, नौपाड्यात राहते,” ती म्हणाली, आणि नेहमीचे शब्द जिभेवर आले. ते तिने गिळले. “मी हळदीचं कुंकू करते. ते चांगलं आहे.” एवढे म्हणताना तिचे कान तापले, पण छत काही कोसळले नाही. “त्याने कपाळ जळत नाही. घामाने थोडं पसरतं, ते पुन्हा लावावं लागतं. माझं मात्र ते केल्यावाचून अडतं, म्हणून मी तुमच्याकडे आले.”

नमुन्याची एकच डबी तिने जवळ ठेवली होती. ती हातोहात फिरली. पत्ता तिने दोनदा सांगितला. बऱ्याच जणींनी बोट लावून पाहिले, ‘बघू हं’ म्हटले, आणि त्या वाणाच्या रांगेकडे वळल्या. मंदाकिनी परतली ती मान ताठ ठेवून.

सोमवारी, रथसप्तमीला, वहिनींनी अंगणात गोवरी पेटवून दूध उतू घालवले. दुपार कलली. श्रीपाद कचेरीतून लवकर आला. जिन्यावरच्या प्रत्येक पावलासरशी मंदाकिनी उठे, आणि पाऊल वरच्या मजल्यावर गेले की पुन्हा बसे. ऊन खिडकीच्या गजांवरून खाली सरकत होते.

तेवढ्यात कडी वाजली. श्रीपादने दार उघडले.

“मंदाकिनी दातार, कुंकू करतात त्या, इथेच राहतात ना?”

दारात चंदू उभा होता. शर्ट इस्त्रीचा, नखांत निळा रंग. श्रीपादचा चेहरा एकदम फुलला. बहिणीला दूर धाडण्याचे ओझे त्यालाही जड झाले होते. “मंदा, बाहेर ये. आला बघ तुझा अनोळखी माणूस.”

आता केवळ गप्प राहायचे होते. शनिवार तिचे होते, ठाणे तिचे होते. तिने चंदूकडे पाहिले, मग भावाकडे.

“दादा, यांना अटीत धरू नकोस,” ती म्हणाली. “हे मला अनोळखी नाहीत.”

“म्हणजे? ओळखीचे आहेत?”

“ओळखीहून… जास्त.”

स्वयंपाकघरातली भांड्यांची हालचाल थांबली. चंदूने चपला काढून उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या.

“मीही तेच सांगायला आलोय,” तो म्हणाला. “या वेळी कुणाला पाठवलं नाही. चंद्रकांत नाखवा. चेंदणीचा, कोळी. पाट्या रंगवतो. यांच्याशी लग्न करायची इच्छा आहे. पण त्यांना अजून विचारलेलं नाही.”

श्रीपाद खुर्चीवर बसला. एकदा त्याने वडिलांच्या तसबिरीकडे पाहिले. इतक्यात जिन्यावर पुन्हा पावले वाजली, सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबत. उघड्या दारात एक वृद्ध बाई आल्या. हातातल्या चिठोऱ्यावरचा पत्ता त्यांनी डोळ्यांजवळ धरला होता.

“कुंकू करणारी मुलगी इथेच ना? डोंबिवलीहून आले मी. माझ्या सुनेचं कपाळ भाजतं हो.”

श्रीपाद उठून उभा राहिला. “आपण हिला ओळखता?”

“छे, मी कशी ओळखणार?”

“मग आपल्याला सांगितलं कुणी?”

“अहो, हिनंच की. सभागृहात सगळ्यांसमोर उभी राहून. पाय कापत होते बिचारीचे, पण सांगितलं मात्र स्पष्ट.”

श्रीपादने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. “तू येत नाहीस, असं पुण्याला कळवतो,” तो म्हणाला. मग चंदूकडे वळला. “तुम्ही बसा. चहा घेऊन जा. दुसऱ्या गोष्टीचं उत्तर आज मागू नका. पुन्हा या, म्हणजे बोलू.”

आजीबाईंना डबी बांधून दिल्यावर मंदाकिनी गॅलरीत आली. तिथे चंदू कठड्याला टेकून उभा होता.

“पाटी लावली,” तो म्हणाला. “शनिवारी रात्री रंगवली. तुम्ही आला नाहीत, तेव्हा चौकटीत आधी आत्याचं लिहिलं, मग कुंचला घेतला. नाव जरा वाकडं आलंय.”

“दोष आधी सांगता?”

“तुमचाच गुण लागला.” तो हसला, मग गंभीर झाला. “माझेही सांगून टाकू का? म्हणजे तुम्हाला विचार करायला बरं. पहिलं म्हणजे…”

“थांबा.” मंदाकिनीने मान वर केली. मावळतीचे ऊन तिच्या पदरावरच्या त्या न जाणाऱ्या लाल थेंबावर पडले होते. “मी आता गुण आधी ऐकते, चंद्रकांत. तुमचे दोष माझी मी शोधीन. त्याला बरीच वर्षं लागतील.”