क्रेन हलवू नका

"ती क्रेन दहा मिनिटं गप्प उभी राहील का?"

बांधकामाच्या फाटकाशी हेल्मेट काखेत धरून पाणी पिणाऱ्या माणसाला मी विचारलं. त्याला ठसकाच लागला.

"ताई, ती फिरवायचाच पगार मिळतो मला."

"ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नका. क्रेन थांबवा."

वैतागणार नाही तर काय? हौसेनं टेलिस्कोप घेतला आणि आठवडाभर शनीऐवजी नुसता काळोख पाहिला. मोठ्या नळीवर एक छोटी दुर्बीण असते. दोघींचा नेम एका जागी जुळल्याशिवाय आकाशात काही म्हणता काही सापडत नाही. तो जुळवायचा दिवसाउजेडी, दूरच्या स्थिर वस्तूवर. आमच्या गच्चीवरून दूरचं दिसतं ते एकच, या क्रेनचं टोक. मी स्क्रू पिळत आणावेत, की टोक गायब. घरात दादा तर टपूनच बसलेला, "रविवारी ते धूड दुकानात परत."

हे सगळं मी त्या माणसाला एका दमात ऐकवलं. तो हसू दाबत होता.

"उद्या जेवणाच्या सुट्टीत थांबवतो. पण बघणार कुठे... टोकाकडे, की केबिनकडे?"

"टोकाकडे. अर्थात."

दुसऱ्या दिवशी टोक खरंच थांबलं. स्क्रू जुळले. मग सहज, अगदी सहज, मी नळी केबिनकडे वळवली. माझ्या टेलिस्कोपात सगळं उलटं दिसतं. डोकं खाली, पाय वर अशा थाटात तो डबा खात होता आणि माझ्याकडे बघून हात हलवत होता. मेला. माझे कान तापले.

त्याच संध्याकाळी शनी दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा, पण कड्यांसकट. दादाचं तोंड बंद झालं. मी मात्र सांगायला धावले ती फाटकाकडे.

त्यानंतर रोज दुपारी मला नेम जुळवावा लागायचा. रोज क्रेन थांबायची.

मग एका संध्याकाळी तो फाटकाशी म्हणाला, "परवा क्रेन उतरवतायत. इथलं काम संपलं."

"आणि मी नेम कशावर धरू?" मी चिडूनच विचारलं. रडू येत होतं, म्हणून चिडले.

"एक विचारू? ते स्क्रू... रोज आपोआप सैल होतात?"

मी चपलेकडे बघत राहिले. "नाही. मी करते."

"वाटलंच. माझीही सुट्टी रोज लांबते. मुकादमाच्या शिव्या खाऊन पोट भरतं." त्यानं हेल्मेट दुसऱ्या काखेत घेतलं. "दोन नवी कामं आहेत. एकीकडे पगार बरा आहे. दुसरीकडची क्रेन... तुझ्या गच्चीवरून दिसते."

"कुठलं घेतलंस?"

"सोमवारी दुपारी बघ ना. नळी जरा डावीकडे."

सोमवारी मी स्क्रूंना हातही लावला नव्हता. नळी डावीकडे वळवली. तो होता. डोकं खाली, पाय वर, हात हलवत. आणि इतक्या दिवसांनी नेम पक्का जुळलेला असताना माझे डोळे भरून आले आणि काही म्हणता काही दिसेना.