माऊसला हात लावू नका

"मॅडम, माऊसवरचा हात काढता का जरा?" फोनमधला आवाज म्हणाला.

"काढलाय की."

"मग पडद्यावरचा बाण थरथरतोय तो काय थंडीने?"

मी मुकाट्याने हात काढला आणि मांडीखाली दाबून बसले. आता आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर तो बाण आपला आपण चालायला लागला... इथे थांब, तिथे वळ, ही खिडकी उघड, ती मीट. गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुरुस्तीच्या दुकानात बसून, एक अनोळखी माणूस आमचा कॉम्प्युटर चालवत होता. बाहेर पाऊस रिपरिपत होता आणि इकडे माझा जीव नुसता वरखाली होत होता.

कारणही तसंच होतं. शुक्रवारी दुपारी माझी मुलाखत होती. मी कर्णबधिर मुलांना शिकवते. कितीतरी वर्षं एकाच शाळेत 'तात्पुरती' म्हणून काढल्यावर दूरच्या शहरातल्या एका मोठ्या शाळेने मला कायमच्या जागेसाठी बोलावलं होतं. मुलाखत कॅमेऱ्यासमोर, ब्राउझरमध्ये. फोनवरून चालणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. आणि आमचा ब्राउझर असा, की पान उघडायला सांगावं, चहा टाकावा, प्यावा, कप विसळून ठेवावा, तरी ते चाक आपलं गरगरतंच आहे. मैत्रिणीबरोबर तालीम करून पाहिली, तर माझा चेहरा तोंड उघडं असतानाच गोठला. खुणा करून दाखवायच्या तर हात हवेतच राहिले. शेवटी मशीनच्या कडेला चिकटवलेल्या दुकानाच्या कागदावरचा नंबर लावला. एक खणखणीत आवाजाच्या बाई म्हणाल्या, "थांबा, भाच्याला देते." असा तो भेटला.

सोमवारी त्याने सगळी झाडलोट केली. उघडी राहिलेली पानं मिटली, साठलेला कचरा काढला, ब्राउझर नवा करून दिला. शेवटी पान असं फटकन उघडलं की मी खुर्चीतल्या खुर्चीत उडाले. त्याचे आभार मानले आणि त्याला विसरून गेले.

मंगळवारी दुपारी शाळेतून आले, तर पुन्हा तेच चाक, पुन्हा तेच गरगरणं. मी तणतणत फोन लावला.

तो मात्र शांत. बाण माझ्या पडद्यावरून सावकाश फिरत राहिला. हातांवरून बोलणं ओळखणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे दोन दिवसांत मला तो बाणही वाचता यायला लागला होता. विचारात पडला की तो कोपऱ्यात लहान लहान गोल काढायचा. हसला की जागच्या जागी थबकायचा.

"तुम्ही हेच पान सहा वेळा उघडलंय," तो म्हणाला.

"उघडत नव्हतं म्हणून."

"उघडत होतं. तुम्ही त्याला श्वास घेऊ देत नाही."

"मला वाट बघायची सवय नाही. घरी मला भिंगरी म्हणतात." हे त्याला सांगायची काय गरज होती, देव जाणे. "आणि तुम्ही काय, कायम इतके संथ असता?"

"संथ नाही हो. मी एका वेळी एकच काम करतो."

"मग आत्ता कुठलं चाललंय?"

बाण थबकला.

"आत्ता..." तो म्हणाला, "दोन चाललीत."

माझे कान तापले. बरं झालं, त्याला फक्त माझा पडदा दिसत होता.

बुधवारी ब्राउझर पुन्हा ढेपाळलेला. मी रडकुंडीला आले होते. फोन लावताना मात्र केस सारखे केले... फोनवर बोलायला! स्वतःचीच लाज वाटली. त्याने या वेळी कशालाच हात लावला नाही. फक्त विचारलं, की मी साफ करून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा भरतं, तर सकाळी कोण बसतं इथे?

बसतात बाबा. ते जन्मभर तिकीट खिडकीमागे बसून लोकांना 'नाही' म्हणत आले. निवृत्त झाल्या दिवशी त्यांनी ठरवलं, आता कुणालाही नाही म्हणायचं नाही. कॉम्प्युटरलासुद्धा. त्याने काहीही विचारलं, हे बसवू का, ते चालू करू का, रोज सूचना पाठवू का, की बाबा अदबीने 'हो' दाबणार. मी फोन त्यांच्या कानाला लावला. दोघांचं फार छान जमलं. मी खोलीत येरझाऱ्या घालत होते आणि बाबा त्याला आपल्या गुडघ्याबद्दल सांगत होते.

फोन माझ्याकडे परत आला तेव्हा त्याचा आवाज जरा निराळा होता.

"सापडलं. हवामान दाखवणारं एक छोटं ॲप आहे, ब्राउझरमध्ये बसवायचं. ते एकटं येत नाही, चार टोळभैरव बरोबर आणतं. मी काढतो आणि तुमचे बाबा सकाळी परत बसवतात."

"बाबांना हवामान कशाला हवंय? खिडकी उघडली की दिसतं."

तो थोडा घुटमळला. बाण कोपऱ्यात गोल गोल फिरला.

"इथलं नाही बघत ते. तुम्ही जिथे जाणार आहात ना... तिथलं बघतात. पाऊस आहे का, थंडी किती आहे. रोज."

मी वळून बाबांकडे पाहिलं. ते वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले होते. मग बाबांसाठी त्याने हवामानाचं एक साधं, निरुपद्रवी पान शोधलं, त्याची खूण करून ठेवली आणि काय दाबायचं, काय नाही ते त्यांना स्वतः समजावून सांगितलं. त्या संध्याकाळी मला पक्कं कळलं की माझं काही खरं नाही. हा माणूस मला आवडला होता. दिसतो कसा ते ठाऊक नाही, तरी आवडला होता. आणि तो जीव ओतून जे दुरुस्त करत होता, तेच मला इथून घेऊन जाणार होतं.

गुरुवारी सगळं सुरळीत होतं. तरीही मी फोन केला. 'एकदा खात्री करायला' म्हणून. त्याने पान उघडलं, मिटलं, परत उघडलं. कॅमेरा पाहिला, आवाज पाहिला. कुठेही काही अडलं नाही.

"झालं," तो म्हणाला. "आता मला फोन करायची गरज नाही पडणार."

"हो ना."

"मग... तोडू का मी इथून?"

"तोडा."

बाण तिथेच. पावसाचा आवाज त्याच्याकडूनही येत होता आणि माझ्याकडूनही.

"उद्या छान बोला," शेवटी तो म्हणाला, आणि बाण निघून गेला. तो गेल्यावर पडदा इतका रिकामा वाटला की मी मशीनच बंद करून टाकलं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

मुलाखत उत्तम झाली. चित्र अडकलं नाही, हात हवेत राहिले नाहीत, समोरच्या बाई दोनदा हसल्या. शेवटी त्यांनी विचारलं, जागा तुमचीच, कधी रुजू होता? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे कितीतरी महिने तयार होतं – म्हणाल तर उद्या. पण तोंडातून निघालं, "एक महिना लागेल." त्या बरं म्हणाल्या. मी कॅमेरा बंद केला आणि चप्पल शोधायला लागले.

दुकानात गल्ल्यावर त्या खणखणीत आवाजाच्या बाई होत्या, त्याची आत्या. काय बिघडलंय, त्यांनी विचारलं. काही नाही, मी म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून मला नीट पाहून घेतलं.

"आत आहे. सकाळपासून एकच कीबोर्ड पुसतोय," त्या म्हणाल्या आणि पावतीपुस्तकात डोकं घातलं.

तो मागच्या टेबलाशी होता. बारीक अंगाचा, केस विस्कटलेले, हातात ब्रश. मी काही बोलायच्या आत उठून उभा राहिला.

"चित्र अडकलं का कुठे?"

"नाही. मिळाली मला नोकरी."

"मला माहीत होतं." त्याने ब्रश खाली ठेवला, परत उचलला. "अभिनंदन. खरं सांगू? काल तुमचं सगळं सुरळीत चाललं आणि मला वाईट वाटलं. गिऱ्हाइकाचं मशीन नीट झाल्याचं दुःख मला कधी झालं नव्हतं."

"मलाही झालं," मी म्हटलं. "मी त्यांच्याकडे महिना मागून घेतलाय. तुमच्यासाठी. पण आधीच सांगते, महिन्याने मी जाणार. ती जागा मला हवी आहे."

"जा की. जाऊ नका असं कोण म्हणतंय? शनिवार-रविवार असतातच ना. गाड्याही असतात." मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही आवडता मला. मंगळवारपासून."

"मंगळवारी तर मी तुमच्यावर तणतणले होते."

"तेव्हापासूनच."

आम्ही दोघंही हसलो. त्याच्या मागे एक उघडं मशीन तारा पसरून पडलं होतं.

"थोडा वेळ थांबाल?" तो म्हणाला. "एका काकांना हे आज द्यायचं कबूल केलंय. मग चालत सोडतो तुम्हाला घरी. दहा मिनिटं फक्त."

"थांबते," मी म्हटलं आणि स्टुलावर बसले.

त्याला दहा मिनिटं नाही, चांगला तास लागला. मी एकदाही 'अजून किती वेळ?' विचारलं नाही.